ओढेसाहेब, आपली कागदपत्रे अपुरी आहेत

प्रति,
रा. रा. ओढेसाहेब,
आमच्या पार्किंगच्या मागे, पुणे.

विषय : सोसायटीच्या आवारात विनापरवाना प्रवेश केल्याबाबत.

सा. न. वि. वि.

गेल्या श्रावणात एका सोमवारी रात्री साडेअकराच्या सुमारास आपण मागच्या भिंतीवरून आत आलात, पार्किंगमध्ये कमरेइतके उभे राहिलात आणि पहाटे चारला, वॉचमनच्या वहीत सही न करता, निघून गेलात. जाताना ए विंगच्या मीटरबॉक्सखाली एक मातकट रेघ ओढून गेलात. दोन हात डिस्टेंपर मारूनही ती पुन्हा वर येते. तळमजल्यावरच्या काकांची स्कूटर सकाळी जिन्याच्या चौथ्या पायरीवर सापडली. जिन्यात वाहन लावल्यास शंभर रुपये दंड असा आमचा ठराव आहे. तो काकांकडून घ्यावा की आपल्याकडून, हा विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला आहे.

सेक्रेटरी या नात्याने आपल्या निदर्शनास आणून देतो की, या जागी राहण्याच्या सगळ्या परवानग्या आमच्यापाशी आहेत. बिनशेतीचा आदेश, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, जोते तपासल्याचा दाखला, अग्निशमनची ना-हरकत, पाटबंधारे खात्याचे पूररेषेबाबतचे पत्र, भोगवटापत्र. फाइल साडेचार किलोची भरते. (रद्दीवाला आला होता म्हणून काटा हाताशी होता, गैरसमज नसावा.) आपल्यापाशी यातले काय आहे? आपल्या नावाचा सातबारा नाही. १९६६ च्या महसूल संहितेचे कलम २० वाचले, तर नद्या, ओढे, नाले आणि त्यांची पात्रे सरकारच्या मालकीची. म्हणजे ज्या पात्रात आपण पिढ्यान्‌पिढ्या झोपता, तेही आपले नाही. आमचे निदान बँकेकडे गहाण तरी आहे.

आपली बाजू मांडायला संधी मिळाली नाही, असे आपण म्हणाल. तर ती मिळाली होती. बांधकाम नियमावलीत पूर्वापार एक सोय आहे : सखल जमिनीतून जाणाऱ्या लहान प्रवाहाला ठळक काठ नसतील, तर त्याला ठरवून दिलेल्या मार्गाने आणि ठरवून दिलेल्या मापात वळवण्याची परवानगी मिळू शकते. आमच्या बिल्डरने अर्ज केला तेव्हा आपल्याला ठळक काठ नव्हतेच. त्याआधी दोन उन्हाळे रात्री डंपर येत होते आणि राडारोडा टाकून जात होते, जेसीबी तो पसरत होता. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये साइट व्हिजिटला साहेब आले तेव्हा काठ शोधूनही सापडेना आणि आपण तर मार्चमध्ये घरी नसताच. गैरहजर पक्षकाराच्या विरोधात निकाल लागतो, हे कुठल्याही कोर्टात चालते. मग आपल्याला नऊशे मिलिमीटर व्यासाचे दोन पाइप देण्यात आले. आपण त्यात मावत नाही ही तक्रार आपण तेव्हा करायला हवी होती, श्रावणात नव्हे.

ओढा वळवणे ही काही आजची गोष्ट नाही. आपले थोरले बंधू अंबिल ओढासाहेब पूर्वी पुणे गावातून, आजच्या बाजीराव रस्त्याच्या बाजूने वाहत. नानासाहेब पेशव्यांनी त्यांना गावाबाहेर पश्चिमेला वळवले, पण पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून तळेही करून दिले. जागा घेतली, तर टेकायला दुसरी जागा दिली. पुढे ते तळे बुजले आणि तिथे सारसबाग झाली, हा भाग निराळा. पेशव्यांकडे ना-हरकत दाखला नसावा, पण आधी पाणी येते आणि मग माणूस, एवढा हिशेब मात्र होता.

थोरल्या बंधूंच्या बाबतीत थट्टा पुढे नेववत नाही. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र या भागातले कोणी विसरलेले नाही. कात्रजच्या डोंगरावर पाऊस कोसळला आणि बंधू अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल असे जुन्या ओळखीच्या वाटेने आले. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. शहरात आणि आसपास मिळून त्या पावसाने वीसहून जास्त जीव घेतले. दुसऱ्या दिवशी मी दांडेकर पुलावर उभा होतो. कठड्याच्या जाळीत एक शाळेचे दप्तर अडकले होते, बंद, बक्कल लावलेले. ते काढायला कोणाचा हात होत नव्हता.

असो. विषयावर येतो.

निळ्या रेषेच्या आत आम्ही नाही, हे आमचे मुख्य म्हणणे. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोचतो ती लाल. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, दोहोंच्या मध्ये नियंत्रित. १९८९ पासूनचा हा नियम आहे आणि मला तर फार सुरेख वाटतो. सेल्स ऑफिसातल्या मुलीने फ्लॅट दाखवताना मला समजावले होते, “सर, निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा.” मी वय मोजले, पंचवीस मिळवले आणि बुकिंगचा चेक फाडला. पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी शेकडा चार, आणि वीस वर्षांच्या गृहकर्जात निळी रेषा एकदा तरी गाठली जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, शेकडा छप्पन्नच्या आसपास, हे गणित मला शेजारच्या अकरावीतल्या मुलीने नंतर करून दाखवले. तेव्हा माझे सात हप्ते भरून झाले होते. शिवाय हे गणित पाऊस आणि डोंगर होते तसेच राहिले तर. आपल्या वरच्या अंगाला माळ होता, तिथे आता डांबर आणि पेव्हर ब्लॉक आहेत. जे पाणी पूर्वी मुरत मुरत दुपारपर्यंत यायचे, ते आता अर्ध्या तासात येते. रेषा मात्र नकाशावर आखली तिथेच उभी आहे, बिचारी शिस्तीची आहे.

आपल्या डाव्या हाताला जो दलदलीचा तुकडा आहे, जिथे टिटव्या ओरडतात, तो तरी वाचवता येईल का म्हणून मी पाणथळ जागांचे २०१७ चे नियम वाचून काढले. पाणथळ जागेत पक्के बांधकाम नको, गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी महापूर पातळीपासून पन्नास मीटरपर्यंत नको, बोटीचा धक्का तेवढा चालेल. वाचून छाती भरून आली. मग व्याख्या वाचली. नदीनाल्याचे पात्र म्हणजे पाणथळ नव्हे. भातखाचर नव्हे. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेला तलाव नव्हे. मिठागर नव्हे. देशभरातल्या ज्या २,०१,५०३ पाणथळ जागांना सुप्रीम कोर्टाने संरक्षण द्यायला सांगितले, त्या सव्वादोन हेक्टरहून मोठ्या, उपग्रहातून दिसलेल्या. सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. आपला तुकडा फार तर पाऊण एकर. उपग्रहाला टिटवी दिसत नाही. आणि ओढेसाहेब, आपण वाहता म्हणून आपण पाणथळ नाही. थांबलात, तर डबके. डबक्याला आरोग्य खात्याची नोटीस येते आणि मग ते बुजवणे हे पुण्यकर्म होते.

पर्यावरण मंजुरीचे विचाराल, तर ती २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला लागते. आमचा प्रकल्प वीस हजारांच्या अगदी हातभर अलीकडे थांबला. पलीकडचा प्रकल्पही तसाच थांबला. गेट एक, बगीचा एक, स्विमिंग पूल एक, पण नावे दोन.

तरी आपल्याला सुचवतो की पुढील पावसाळ्यापूर्वी रीतसर अर्ज करावा. सोबत आपल्या मार्गाचा मोजणी नकाशा चार प्रतींत, वरच्या अंगाच्या सर्व सोसायट्यांचे संमतिपत्र आणि एकावेळी किती पाणी आणणार याचे स्टॅम्पपेपरवर हमीपत्र जोडावे. अर्जावरील निर्णय होईपर्यंत डोंगरावरच थांबावे.

आमच्या बाजूनेही एक अडचण निर्माण झाली आहे, ती प्रांजळपणे कळवतो. त्या रात्री ऑफिसचे खालचे कपाट भिजले आणि त्यात फाइल होती. दाखले वाळले, शिक्केही बरेचसे वाचता येतात. पूररेषेचा नकाशा तेवढा प्लॉटरवर काढलेला होता. तो मी गच्चीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातला. शाई फुटली आहे. निळी रेषा भिंत ओलांडून ए विंगमधून, पार्किंगमधून, मुलांच्या झोपाळ्यावरून पार मेन गेटपर्यंत पसरली आहे, आणि लाल कुठे होती ते आता सांगता येत नाही.

पाटबंधारे खात्याकडे नव्या प्रतीसाठी अर्ज दिला आहे. आवक क्रमांक मिळाला आहे.

आपला,
मानद सेक्रेटरी
(फ्लॅट क्र. २, तळमजला)