क्षला वळण लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

बैजिक राशी लिहू इच्छिणाऱ्याने प्रथम शुचिर्भूत होऊन एक अक्षर निवडावे. फार चिकित्सा करू नये. फ्रान्सच्या देकार्तने १६३७ साली अज्ञात संख्यांसाठी रोमन वर्णमालेतली शेवटची अक्षरे पसंत केली, आणि मराठीत ती गादी क्षने चालवली. त्याआधी जवळजवळ पाचशे वर्षे भास्कराचार्यांकडे याहून रंगीत व्यवस्था होती. पहिला अज्ञात यावत्तावत्, पुढचे कालक, नीलक, पीतक. लिहिताना नुसते या, का, नी, पी. सुट्या संख्येआधी रू. सारख्या जातीची पदे मिळवावीत, भिन्न जातीची वेगळी ठेवावीत, हा नियमही त्यांच्या ‘बीजगणिता’त स्पष्ट दिलेला आहे. तो मोडण्याची परंपराही साधारण तेवढीच जुनी असावी.

परंपरा पुढे चालवायची असेल, तर अक्षर हे वस्तूचे टोपणनाव आहे असे धरून चालावे. समजा तीन वडापाव आणि दोन चहा झाले. व म्हणजे एका वडापावची किंमत आणि च म्हणजे एका चहाची, असे मानणारा शहाणा ३व + २च लिहून थांबतो. वडापाव २० रुपयांना आणि चहा १५ ला असेल, तर ९० रुपये ठेवून उठतो. पण व म्हणजे साक्षात वडापाव मानणाऱ्याला मध्ये अधिक चिन्ह लोंबकळत ठेवणे बरे वाटत नाही. तो सगळ्यांचा मेळ घालून ५वच असे सुटसुटीत उत्तर काढतो. व आणि च शेजारी बसले की त्यांचा गुणाकार होतो. ५ × २० × १५ म्हणजे १५०० रुपये. हॉटेलमालकांनी ही पद्धत अवश्य उचलून धरावी.

हा गोंधळ फक्त सातवीतल्या पोरांचा, असे कोणी समजू नये. विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत, हे समीकरणात लिहा, असे अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातल्या मुलांना सांगितले, तेव्हा तिघांत एकाहून अधिक जण चुकले. नेहमीची चूक ६वि = प्रा. म्हणजे दर विद्यार्थ्यामागे सहा प्राध्यापक! संस्थाचालकांना घाम फुटेल.

३क्ष मध्ये गुणिले लपलेले असते, साडेतीन लिहिताना ३½ मध्ये अधिक. तक्रार करायला खिडकी नाही. क्षच्या जागी ५ ठेवून ३५ वाचणाऱ्याची मात्र दया यावी, कारण पहिलीपासून त्याला तसेच शिकवलेले असते.

आता सरळरूप. ७क्ष − (३क्ष − ४) + २ ही राशी घ्यावी. कंसाबाहेरचे वजा चिन्ह आतल्या प्रत्येकाकडे जाते, फक्त दारात बसलेल्याला भेटून परतत नाही. म्हणून ७क्ष − ३क्ष + ४ + २, म्हणजे ४क्ष + ६. इथे पेन खाली ठेवावे. पण उत्तरात अधिक चिन्ह उरले की अनेकांना घर आवरायचे राहिल्यासारखे वाटते, आणि ते १०क्ष करून मोकळे होतात.

पडताळा घ्यावा, असे गुरुजन सांगतात. आळशी माणूस क्ष = १ ठेवतो. मूळ राशी १०, बरोबर उत्तर १०, आणि १०क्ष सुद्धा १०! चोर साव ठरतो. मग २ ठेवावे? मूळ राशी १४ आणि १०क्ष झाले २०, एक चोर पकडला. पण क्ष + क्ष ला क्ष² म्हणणारा इथे निसटतो, कारण दोन आणि दोन मिळवा की गुणा, चारच. शून्यही त्याला पाठीशी घालते. तेव्हा निदान ३ ठेवावे: मूळ राशी १८, ४क्ष + ६ सुद्धा १८, १०क्ष मात्र ३०, आणि क्ष + क्ष होतात ६, क्ष² होतो ९. दोघेही एकाच फेरीत सापडतात.