लॉस एंजेलिसचा किल्लेदार

तोरणा-राजगडाला वाहिलेलं नवं संकेतस्थळ कुणी काढलं, की आधी त्याचं 'आमच्याविषयी' उघडावं. वर झुंजार माचीचा ड्रोनने टिपलेला फोटो असतो, त्यावर भगव्या अक्षरांत गर्जना असते आणि खाली मालकाचा परिचय असतो. तो असा: गृहस्थ दिवसा सायकलवरून टपाल पोचवतात, रात्री नट व्हायची स्वप्नं पाहतात, मुक्काम लॉस एंजेलिस, घरी जॅक नावाचा गुणी कुत्रा, पिना कोलाडा विशेष प्रिय. पावसात भिजायलाही आवडतं म्हणे. वेल्ह्याशी जुळणारी एवढी एकच गोष्ट.

हा परिचय मालकाने लिहिलेला नाही, हे उघड आहे. वर्डप्रेस बसवलं की ते आपण होऊन एक नमुना पान आणि 'हॅलो वर्ल्ड' नावाची पहिली नोंद मांडून ठेवतं, आणि त्या नोंदीतच बजावतं की हे खोडा आणि आपलं लिहायला लागा. २००३ साली आलेलं हे सॉफ्टवेअर आज जगातल्या दर पाच संकेतस्थळांपैकी निदान दोघांना पुरून उरलं आहे, त्यामुळे सूचना समजायला अवघड होती असं म्हणता येत नाही. तरी पान तसंच राहतं. राहता राहता ते खरं वाटू लागतं. हा सायकलवाला पाबे घाट चढून वेल्ह्यात टपाल आणतो, जॅक पुढे पळत बिनी दरवाजापर्यंत वाट दाखवतो, मेंगाई देवीच्या देवळापाशी दोघं विसावतात. पायथ्याच्या गावांतले कुत्रे बिस्किटाच्या आशेवर पार बालेकिल्ल्यापर्यंत सोबत करतात हे भटक्यांना ठाऊक आहेच. त्यामुळे या संकेतस्थळावर वाट माहीत असलेला एकमेव जीव जॅक असावा. नमुना पानात आणखी एक उतारा असतो. त्यात एक कंपनी आहे. १९७१ साली स्थापन झालेली, गॉथम सिटीतली, दोन हजारांहून अधिक माणसं नोकरीला असलेली. तोही उतारा गडप्रेमींनी भक्तिभावाने जपलेला असतो. दोन हजार नोकऱ्या! वेल्ह्यातल्या पोरांना बॅग भरून पुण्या-मुंबईच्या वाटेला लागायला नको. बॅटमॅनच्या गावचे शेठ एवढं करत असतील, तर आपल्या पुढाऱ्यांनी काहीतरी शिकावं.

आता कुणी म्हणेल, बिचाऱ्याला वेळ मिळाला नसेल. वेळ भरपूर मिळालेला आहे, तो कुठे गेला ते पाहण्यासारखं आहे. क्लाउडवर सर्व्हर घेतला गेला. तो मुंबईत ठेवावा की सिंगापुरात, यावर मित्रमंडळात रात्री जागल्या. त्यावर उबंटू चढवलं, आत शिरायला एसएसएच किल्ली बनवली, डीएनएसमध्ये नोंदी केल्या, त्या जगभर पसरायला कधी कधी दोन दिवस लागतात म्हणून दोन दिवस दर पाच मिनिटांनी पान उघडून पाहिलं. पत्त्यामागे कुलूप दिसावं म्हणून फुकटचं नव्वद दिवसांचं प्रमाणपत्र आणलं आणि ते आपोआप नवं व्हावं म्हणून क्रॉनची ओळ टाकली. मग कॅशिंग, सीडीएन, रोजचा बॅकअप. बॅकअप कशाचा? जॅकचा. आता हिशेब करा. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात. म्हणजे हजार शब्दांचा ऐसपैस लेख वीस-बावीस केबीत बसतो. पंचवीस जीबीची डिस्क घेतली आणि त्यातले पाच जीबी यंत्रणेला दिले, तरी तोरण्यावर जवळपास दहा लाख लेख लिहायला जागा उरते. शिवाय बिल तासावर, डॉलरमध्ये. सर्व्हर नुसता बंद करून ठेवला तरी डिस्कचं भाडं चालूच, हे बहुतेकांना पहिलं बिल आल्यावर कळतं. तोरण्यावर सापडलेलं धन राजगडाच्या बांधकामाला लागलं, असं सांगतात. इथे धन लागतं आहे, बांधकाम दिसत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: फुकटच्या जागांचा भरवसा काय? मुद्दा खरा आहे. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये, आणि त्यांच्याबरोबर किती मराठी मजकूर बुडाला याची मोजदाद नाही. स्वतःचं नाव, स्वतःचा सर्व्हर, स्वतःची प्रत हे शहाणपण आहेच. पण बुडण्यासाठी आधी काहीतरी तरंगत असावं लागतं. दुसरा आक्षेप गर्दीचा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात राजगड आहे. उद्या जगभरातून वाचक आले आणि सर्व्हर झोपला तर? म्हणून लोड बॅलन्सर. वाचक येतात, खोटं कशाला बोला. मध्यरात्री तीनला येतात, एका मिनिटात साठ येतात आणि सगळेच्या सगळे लॉगिनच्या पानावर जाऊन 'अॅडमिन' नावाला निरनिराळे पासवर्ड लावून पाहतात. मालक आलेख दाखवून सांगतात, परदेशातून फार मागणी आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत सात्त्विक: यातून शिकायला मिळतं. मिळतं, अगदी मान्य. लिनक्स शिकावं, नेटवर्क शिकावं, त्यावर पुढे हिंजवडीत नोकरी लागली तर पेढे वाटावेत. मग त्याला प्रयोगवही म्हणा. राजगडाचं नाव कशाला लावता? कारण ते नाव पाहून माणसं ते पान उघडतात. नसरापूर फाट्यावरून आत वळलेला, मार्गासनीच्या पुढे एकच दांडी रेंज उरलेला माणूस उघडतो. त्याला गर्जना नको असते. त्याला हवं असतं की गुंजवण्याची चोरदरवाजाची वाट आज पावसात लहान पोराला घेऊन चढण्याजोगी आहे का, की पाली दरवाजाची धरावी. बंदीचा आदेश निघालाय का. गडावर मुक्कामाला परवानगी आहे का. पद्मावती तळ्याचं पाणी प्यायचं की वापरायचं. वेल्ह्याहून स्वारगेटची शेवटची एसटी कितीला. ही पाच उत्तरं मिळून एक केबीसुद्धा होत नाहीत, एका दांडीवरसुद्धा क्षणात उतरली असती. त्याऐवजी त्याच्या हातातल्या फोनवर ड्रोनच्या फिल्मचं चाक गरगर फिरत राहतं, आणि धुक्यात, शेवाळलेल्या पायरीवर उभा असलेला तो माणूस जो समोर चालला त्याच्या मागे जातो. समोरचाही वाट चुकलेलाच असतो. दर पावसाळ्यात कुणी ना कुणी अडकतं, आणि गावातली पोरं भाताची लावणी टाकून, रात्री बॅटऱ्या घेऊन, दोर घेऊन वर जातात. त्यांच्यातल्या कुणाचं संकेतस्थळ नाही. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी घराच्या भिंतीवर ऑइलपेंटने 'पिठलं-भाकरी, राहण्याची सोय' आणि मोबाइल नंबर लिहिलेला असतो. नंबर लावला तर माणूस उचलतो आणि आजची वाट आज सांगतो. ती भिंत एकदा रंगवली की दोन-तीन पावसाळे टिकते, तासाचं भाडं घेत नाही, आणि तिच्यावर लॉस एंजेलिसचा उल्लेख नाही.

हे लिहिलं की निरोप येतात: तुम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात आहात, तरुणांना नाउमेद करता. उमेदीची काळजी नसावी, ती ठणठणीत आहे. मध्यंतरी तालुक्याचं नाव वेल्ह्याचं राजगड झालं, तेव्हा या मंडळींनी त्याच रात्री राजगडच्या नावाचा दुसरा डोमेन घेतला आणि वेल्ह्याचा पहिला त्याच्याकडे वळवला. आता दोन पत्त्यांवरून एकाच नमुना पानावर जाता येतं. दोन्ही डोमेनची वर्षाची मुदत संपत आली, की स्मरणपत्रं येतात; ती कुणी उघडत नाही, उघडायची गरजही नसते. नूतनीकरण आपोआप होतं, कार्ड जोडलेलं आहे.