मुद्देनिहाय खुलासा

वेंबली, लंडन
महिना जुलै, अंगात स्वेटर

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, तुमचं पत्र पोचलं. तळासरी पंचायत समितीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी मुलाला लिहिलेल्या पत्रावर जावक क्रमांक टाकायची तुमची सवय गेलेली नाही. रोज व्हिडिओ कॉलवर बोलतो, पण 'तोंडी उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही, मुद्देनिहाय लेखी खुलासा करावा' असा तुमचा आदेश आहे. तुमची सूनबाई ड्यूटीवर, नात शाळेत, आणि मला अजून कुठल्याही कंपनीने होकार दिलेला नाही. तेव्हा खुलाशाला वेळच वेळ आहे. मुद्द्यांचा क्रम तेवढा राहणार नाही, सांभाळून घ्या.

'कागदपत्रांची पूर्तता झाली काय?' असं तुम्ही विचारलंय. झाली, पण कशी ते ऐका. बँकेत खातं उघडायचं तर राहत्या पत्त्याचा पुरावा हवा. पत्त्याचा पुरावा म्हणून काय चालेल? तर बँकेचं पत्र. काउंटरवरची मुलगी हे इतक्या गोड आवाजात सांगत होती की भांडणही काढता येईना. असं काही अडलं की तुम्ही चहा मागवायचात आणि समोरच्याला म्हणायचात, 'जा, सरपंचाचा दाखला घेऊन ये.' इथे सरपंचच नाही. शेवटी सूनबाईच्या हॉस्पिटलने एक कागद दिला. त्यावर बँकेचं खातं उघडलं, खात्याच्या कागदावर दवाखान्यात नाव लागलं आणि त्या जोरावर घरमालकाने आम्हाला माणसांत धरलं. प्रत्येक फॉर्मवर माझी नोंद मात्र एकच: परिचारिकेचा पती. आपल्या भागात बाईला आयुष्यभर अमक्याची बायको म्हणून ओळखतात, त्याची परतफेड माझ्याकडून चालली आहे. सूनबाईला हे फार आवडलेलं दिसतं.

घर म्हणजे एका चाळवजा रांगेतल्या घराचा वरचा मजला. मागून मेट्रोचा रूळ जातो. पहिल्या रात्री अंथरुणाला पाठ टेकली आणि खिडक्या थरथरल्या, कपाटातल्या वाट्या वाजल्या. मी 'काय झालं' म्हणेपर्यंत सूनबाई पोरीला काखोटीला मारून जिन्यावरून खाली, रस्त्यावर! शेवटी तळासरीचं माहेर. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या बाजूला जमीन हलायला लागली, तेव्हा तिच्या माहेरची माणसं थंडीत बाहेर झोपली होती. तिच्या पायांना आता विचारावं लागत नाही. समोरचा म्हातारा कुत्रा फिरवत होता. त्याने घड्याळात पाहिलं आणि म्हणाला, 'शेवटची गाडी गेली वाटतं.' एवढंच. अनवाणी बाई, तिच्या कडेवर रडणारं पोर, मागून लुंगीतला नवरा, आणि त्याला त्यातून फक्त वेळापत्रक कळलं.

कचऱ्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण माझं मुख्य खातं सध्या तेच आहे. काच-प्लास्टिकचा डबा निराळा, पुठ्ठ्याची पिशवी निराळी, उष्ट्या-खरकट्याची छोटी बादली निराळी आणि उरलेल्या पापांसाठी एक मोठा डबा. कुठल्या आठवड्यात कोणतं बाहेर ठेवायचं याचं छापील कॅलेंडर येतं. शेजारपाजारचे मात्र कॅलेंडर बघत नाहीत. रात्री पडद्याआडून कोणी काय बाहेर काढलं ते बघतात आणि तेच आपण काढतात. गेल्या महिन्यापासून आख्खी गल्ली माझ्याकडे बघून डबे काढते. लंडनमध्ये मला आतापर्यंत मिळालेली ही एकमेव बढती.

आता 'परक्या मुलखात भाषेची अडचण येते काय?' हा मुद्दा. बाबा, अडचण येते, पण ती इंग्रजीची नव्हे. आमच्याजवळ ईलिंग रोड म्हणून रस्ता आहे. तिथे साड्या, सोनं, फरसाण, उसाचा रस, नारळपाणी, आणि मधोमध कोरीव दगडाचं भलंमोठं देऊळ. सगळा बाजार गुजराती. यातली बरीच घरं आफ्रिकेतून आलेली. 1972 साली इदी अमीनने युगांडातून हाकललं, तेव्हा हातातल्या बॅगेनिशी विमानातून उतरली आणि इथे दुकानं थाटून बसली. मी पहिल्या दिवशी जिभेला पीळ देऊन इंग्रजीत कोथिंबीर मागत होतो. गल्ल्यावरच्या बा म्हणाल्या, 'भाई, सीधूं बोल ने!' मग काय, डहाणू स्टेशनच्या बाजारात किराणा भरायला जातो तसा बोललो. 'क्यांना?' 'डहाणूनो.' 'ओहो, चिकू!' आणि कढीपत्ता फुकट.

चिकूचं म्हणाल तर इथे मिळतात, पण कुठून आलेत देव जाणे. हातात घेतले तर दगड, घरी आणून ठेवले तर दुसऱ्या दिवशी चिखल. मधली जी एक गोड वेळ असते ती बहुधा विमानातच निघून जाते. मी बांना आपल्या कालीपत्तीची थोरवी सांगितली, घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि त्याच दगडांची किंमत जराही कमी केली नाही. बाजारात पान थुंकू नका, दंड होईल, अशाही पाट्या आहेत. पाट्यांच्या खालची भिंत बघून अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

तर गुजराती माणसाला डहाणू महाराष्ट्रातलं म्हणून ठाऊक. अडचण आली ती आपल्या माणसांत. इथे डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे, आणि मंडळ 1932 पासूनचं, म्हणजे तुमच्याही आधीचं. मोठ्या उत्साहाने नवा झब्बा घालून गेलो. पुण्याच्या एका गृहस्थांनी विचारलं, 'कुठले तुम्ही?' म्हटलं, डहाणू. 'अच्छा, म्हणजे गुजरातमधले. पण मराठी छान बोलता हो!' त्यांना नकाशा समजावला. 1960 साली उंबरगाव तालुक्यातली गावं राज्यांच्या वाटणीत गुजरातला गेली, आम्ही अलीकडे राहिलो, हे तुम्ही मला लहानपणी अच्छाडच्या नाक्यावर उभं करून दाखवायचात त्याच थाटात सांगितलं. गृहस्थांनी मान डोलावली आणि पुढच्या माणसाशी माझी ओळख करून दिली, 'हे गुजरातचे, पण मराठी छान बोलतात.' बटाटेवडा चांगला होता म्हणून मी वाद वाढवला नाही.

'शेजार कसा आहे?' या मुद्द्यावर आई, तू लक्ष देऊन वाच. आमच्या खालच्या मजल्यावर एक पारशी आजी राहतात. मूळच्या दादर पारशी कॉलनीच्या. सुरुवातीला कधी बोलल्या नाहीत. मग एका रविवारी पाऊस लागून राहिलेला, सूनबाईला सुट्टी, आणि तू बॅगेच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेले सुके बोंबील तव्यावर चढले. खिडक्या बंद करून बसलो होतो. पण बोंबलाचा वास खिडक्यांना भीत नाही. दहाव्या मिनिटाला दार वाजलं. उघडतो तर आजी, हातात काठी. मी तोंडातल्या तोंडात माफीनामा जुळवत होतो, तर त्यांनी नाक वर करून एवढंच विचारलं, 'दीकरा, बूमला?'

आत येऊन बसल्या त्या दुपारपर्यंत उठल्या नाहीत. नव्वदच्या दशकात युरोपने सुक्या बोंबलांवर बंदी घातली होती, तेव्हा इथल्या शौकिनांनी ती उठवायला रीतसर चळवळ केली होती. त्यात आपण सही केली होती, हे त्यांनी स्वातंत्र्यलढ्यातली आठवण सांगावी तसं सांगितलं. मग माझ्याच स्वयंपाकघराचा ताबा घेऊन त्यांनी उरलेल्या बोंबलांचा तारापोरी पातियो केला. गूळ, व्हिनेगर, लसूण, लाल मिरची. आई, हे तारापोर म्हणजे आपलंच तारापूर बरं का! चिंचणीला लागून असलेल्या गावचा पदार्थ खायला मला वेंबलीपर्यंत यावं लागलं.

बाबा, तुमच्यासाठी यात इतिहासही आहे. संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर पारशांनी आपला इराणशाह अग्नी बहारोटच्या डोंगरातल्या गुहेत बारा वर्षं लपवून ठेवला होता, असं परंपरा सांगते. शाळेच्या सहलीला तुम्ही आम्हाला चढवलेला तोच तो डोंगर. आजींचा हिशेब असा की बारा वर्षांचं भाडं तुमच्या मुलखाला द्यायचं राहिलंय, ते मी पातियोतून फेडते. नंतर एकदा त्या आम्हाला रेनर्स लेनला पारशांचं केंद्र दाखवायलाही घेऊन गेल्या. 1936 सालच्या जुन्या सिनेमागृहाचं त्यांनी धर्मस्थान केलंय. दर्शनी भाग अजून पिक्चरचाच. पोरीने विचारलं, 'इंटरव्हल कधी होणार?' आजी म्हणाल्या, 'तेराशे वर्षं चालूच आहे, दीकरी.'

नातीच्या शाळेबद्दल तुमचा आक्षेप पोचला: 'पाटी नाही, पाढे नाहीत, मुलं वाळूत खेळतात, ही कसली शाळा?' यावर आईनेच तुम्हाला उत्तर द्यावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी काढली, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती हीच पद्धत. आई कोसबाडला ट्रेनिंग करून आली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, 'पोरांना खेळवायला कसला आलाय कोर्स!' ते तिच्या लक्षात आहे. माझ्याही.

मागच्या महिन्यात शाळेने मुलांना आपापल्या गावचं चित्र काढायला सांगितलं. आपल्या बाईसाहेबांनी तपकिरी कागदावर पांढऱ्या रंगाने तारपा नाच काढला, गंजाडच्या वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांच्या चित्रात असतो तसा वेटोळ्याचा. वर्गाच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, 'वा, किती मोठी गोगलगाय!' पोरीने कमरेवर हात ठेवले. मग शेजारच्या पोराचा हात धरला, त्याने तिसऱ्याचा धरला, आणि तिने तोंडानेच तारपा वाजवत सगळ्या वर्गाला मैदानात वेटोळं घालायला लावलं. एक सोमाली, दोन पोलिश, एक रुमानियाचा, बाकी पटेल. बाईसुद्धा शेपटाला होत्या. घरी येऊन म्हणाली, 'आता त्यांना कळलं.' म्हश्यांच्या पद्मश्रीचं वगैरे आपण तिला नंतर सांगू.

'लंडन शहर भव्य आहे काय?' आमच्या घरातून वेंबली स्टेडियमची कमान दिसते. 133 मीटर उंच, रात्री दिवे लागतात, नव्वद हजार माणसं आत बसतात. सामना असला की रस्ते बंद, बस वळवलेल्या, गळ्यात मफलर घातलेली पोरं ओरडत जातात. सूनबाई म्हणते, आपल्या डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेची गर्दी, फक्त नारळ नाहीत. घरमालक मला गच्चीवर नेऊन अभिमानाने म्हणाला, 'बघ, कमान!' मी त्याला मोबाइलवर डहाणूच्या वीज केंद्राची चिमणी दाखवली. पावणेतीनशे मीटर. त्याची कमान तिच्या निम्मीसुद्धा भरत नाही. ज्या धुराड्याविरुद्ध तुम्ही तरुणपणी सभांना गेलात, त्याच्या जिवावर मी लंडनमध्ये मान वर केली. हे तुम्हाला आवडणार नाही, पण लेखी विचारलंत म्हणून लेखी सांगितलं.

आई, संकष्टीचं विचारतेस. उन्हाळ्यात इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड, आणि चंद्रोदय जवळजवळ मध्यरात्री. तोही पंचांगात, कारण आभाळात ढग. सूनबाई मोबाइलवर चंद्र उगवल्याची वेळ बघते, ढगांच्या दिशेला फूल टाकते आणि जेवते. सकाळी सातला ड्यूटी असते तिची. गणपतीने समजून घेतलेलं दिसतं, कारण तिला पुढच्या ग्रेडच्या मुलाखतीला बोलावलंय.

आता तुमच्या येण्याचं. व्हिसाचे कागद मी पाठवलेत. सामान भरताना एक नियम ध्यानात ठेवा. भारतातून येणाऱ्याला इथे दुधाचा पदार्थ आणायची मनाई आहे. त्यामुळे आई, महालक्ष्मीचा पेढा नको, घरचं तूप नको, खवा तर नकोच. ताजे चिकू सर्टिफिकेटशिवाय नकोत; बोर्डीचे चिकू चिप्स चालतील. मासे मात्र माणशी वीस किलोपर्यंत खुशाल आणता येतात. म्हणजे देवीचा प्रसाद विमानतळावर अडणार आणि बोंबील सलाम घेत बाहेर पडणार. बाबा, तुम्ही माळकरी, तुम्ही माळ घातल्यापासून आईचे बोंबील मागच्या पडवीत भाजले जातात, हे मी आजींना समजावलं. त्यांनी विचार करून सांगितलं की माळ गळ्यात असते, बॅगेत नाही. तरीही तुमच्या तत्त्वाला धक्का नको म्हणून सगळे बोंबील आईच्या बॅगेत भरा, आणि आईच्या साड्या तुमच्या बॅगेत. कस्टमवाल्याने तुमची बॅग उघडलीच, तर त्याला काय खुलासा द्यायचा ते तुम्हाला मी काय सांगावं?

तुमचा,
परिचारिकेचा पती

ता. क. आजींनी पुन्हा वर येऊन निरोप दिलाय: चिंचणीच्या बाजारातलेच आणा, मुंबईचे नको.