चूकभूल द्यावी, दक्षिणा घ्यावी

सत्यनारायण असो नाहीतर वास्तुशांत, पूजेच्या शेवटाला एक गंमत असते. गुरुजी यजमानाच्या हातावर पळीभर पाणी घालतात आणि त्याच्याकडून देवाची माफी मागून घेतात. मंत्रात काही राहिलं असेल, विधीत काही चुकलं असेल, भक्ती कमी पडली असेल, तर देवा, पोटात घाल. भक्तीचं ठीक आहे, ती आमच्या खात्यातली. पण मंत्र कुणी म्हटले? विधी कुणी सांगितला? पुढच्या पूजेची घाई म्हणून मधली दोन पानं एका श्वासात कुणी गिळली? यजमान बिचारा तोवर पायाला आलेल्या मुंग्या सोसत पाटावर बसून होता. चूक त्यांची, माफी आमची, आणि वर दक्षिणाही आमचीच. इतका पक्का करार अजून साखर कारखान्यांनाही ऊसवाल्याशी करता आलेला नाही.

म्हणून पुजाऱ्यांच्या वागण्यापुढं भाविकानं नम्र राहावं, क्षमा करावी, असा उपदेश कुणी सुरू केला की मला हसू येतं. अहो, आणखी किती नम्र व्हायचं? माणूस रांगेत तासन्‌तास उभा राहतो, गाभाऱ्याशी पोचतो, कपाळ टेकवतो न टेकवतो तोच मानेला धरून कुणीतरी त्याला पुढं लोटतं. आणि हा बाहेर येऊन बायकोला सांगतो, "दर्शन लई झाक झालं." एवढी क्षमा तर हिमालयात बसलेल्यांनाही जमत नसेल.

आमच्या कुंडलच्या पारावर एक तात्या या पक्षाचे आहेत. "जाऊंदे की लेका, देवाचा माणूस हाय. देव बघून घेईल त्याचं." हेच तात्या, भावकीनं बांध हातभर रेटला तेव्हा, देवावर अजिबात विसंबले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोजणीचा अर्ज घेऊन कचेरीत हजर. बांधाला सरकारी मोजणी आणि देवळाला देवाची मोजणी, असा त्यांचा हिशेब.

तात्यांचा हुकमी एक्का म्हणजे तुकोबा. महीपतीबुवांनी सांगितलेली गोष्ट आहे. देहूत मंबाजी गोसाव्याच्या बागेत तुकोबांची म्हैस शिरली, मंबाजीनं काटेरी फांदीनं तुकोबांना झोडपून काढलं. संध्याकाळी कीर्तनाला मंबाजी दिसेना, तर तुकोबा त्याच्या घरी बोलवायला गेले. मारून मारून दमला असशील म्हणून त्याचं अंग चेपून दिलं. "बघ, असं असावं माणसानं," म्हणून तात्या गोष्ट इथं संपवतात आणि तंबाखू मळायला घेतात.

पुढचं ते सांगत नाहीत. या मारावर तुकोबांचा अभंग आहे, आणि त्यात त्यांनी सरळ विठोबालाच आडवं घेतलंय. माझ्या आत क्षमा किती मुरलीय हे बघायला तूच हा मार देववलास ना, असा तो रोख आहे. मंबाजीला माफी आणि मंबाजीच्या मालकाला जाब, दोन्ही एकाच दिवशी! शिवाय पाठ तुकोबांची होती. स्वतःच्या पाठीवरचे वळ माफ करायचा अधिकार तुकोबांना होता. दुसऱ्याच्या पाठीवरचे वळ माफ करायला पारावरचे तात्या कोण?

कारण अशा पाठी इथं पुष्कळ होत्या. चोखोबाला तर देवळात पाऊल टाकायची मुभा नव्हती. देवाचा हार चोरल्याचा आळ आला, मार बसला. त्याच्या नावावरच्या अभंगात पंढरपूरच्या बडवे पुजाऱ्यांच्या माराची तक्रार तो विठ्ठलाकडेच करतो, धाव म्हणतो. म्हणजे ज्यांना आपण क्षमेचे पुतळे म्हणून भिंतीवर टांगलंय, त्यांनी तक्रार अर्ज केलेच होते. पोच मिळाली नाही, एवढंच.

आता जरा जवळच्या कोल्हापूरला जाऊ. १८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले. पुरोहित मंत्र म्हणू लागला ते वेदांतले नव्हेत, पुराणोक्त, आणि त्या पुरोहितानं स्वतः अंघोळसुद्धा केलेली नव्हती. ही गोष्ट महाराजांच्या ध्यानात आणून दिली राजारामशास्त्री भागवतांनी, म्हणजे एका ब्राह्मण विद्वानानंच. विचारल्यावर उत्तर मिळालं की शूद्राला वेदोक्त चालत नाही; आणि शूद्रासाठी पुराणोक्त सांगायला अंघोळीची गरज नाही. राजाला तोंडावर हे सांगायची हिंमत होती, म्हणजे पारावरच्या माणसाची काय किंमत असेल ते समजून घ्या. महाराजांनी नदीकाठी तमाशा केला नाही, कुणाला चाबूक मारला नाही. दोन-अडीच वर्षं वाट पाहिली, समिती नेमली, समजूत घातली. दरबारचे पुरोहित राजोपाध्ये तरीही बधेनात, तेव्हा १९०२ मध्ये त्यांचं इनाम जप्त केलं. नम्रता होती की नव्हती? होती. फक्त तिच्या हातात कागद होता.

त्याच कोल्हापुरात २०१७ च्या जूनमध्ये अंबाबाईला घागरा-चोली नेसवली म्हणून पुजारी हटवा आंदोलन पेटलं, आणि २०१८ मध्ये विधिमंडळानं पगारी पुजाऱ्यांचा कायदा केला. ताटात पडणाऱ्या नोटा पिढ्यान्‌पिढ्या भक्तांनी पाहिल्या, त्यावर कुणाचं मन फारसं दुखलं नव्हतं. वस्त्र बदललं तेव्हा दुखलं. असो, निमित्त कुठलंही चालतं.

पंढरपूरचं प्रकरण मात्र सावकाश सांगायला हवं. १ मे १९४७ ला साने गुरुजी तिथं उपोषणाला बसले, तनपुरे महाराजांच्या मठात. त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर फिरून लोकांना विनवलं होतं. आता साने गुरुजी म्हणजे मराठीतला सगळ्यात मऊ माणूस. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी आटायचं नाही. बडव्यांविषयी त्यांच्या मनात राग नसणार, कीव असेल. पण म्हणून ते "जाऊंदे" म्हणाले नाहीत. दहा दिवस पोटात अन्न घेतलं नाही, आणि मंदिर हरिजनांना उघडलं. त्याआधीच काही सनातन्यांनी मूर्तीतलं तेज एका घागरीत काढून घेतलं, असं पंढरपुरात आजही सांगतात. खरं असेल तर कमालच. देवच घागरीत गेला म्हटल्यावर गाभाऱ्यातली ओवाळणी कुणाच्या नावानं घेत होते, हे विचारायचं राहून गेलं.

पुढं लोकांच्या तक्रारी वाढल्या, १९६८ मध्ये नाडकर्णी आयोग बसला, १९७३ मध्ये कायदा झाला. बडवे, उत्पात आणि सेवाधारी (पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे) यांचे वंशपरंपरेचे हक्क काढून घेतले. देवापुढची ओवाळणी गोळा करायचा हक्क बडव्यांत लिलावानं जायचा, हे तिथलं उघड गुपित. हक्कवाले कोर्टात गेले. शेवटचा निकाल सुप्रीम कोर्टानं दिला तो जानेवारी २०१४ मध्ये. चाळीस वर्षं! वारकऱ्यानं तोवर काय केलं? दर आषाढीला चालत आला, धक्का खाल्ला, विठ्ठल विठ्ठल म्हणाला आणि परत गेला. क्षमेचा एवढा साठा दुसऱ्या कुठल्या प्रांतात असेल असं वाटत नाही. पण त्या साठ्यानं एक कुलूपही उघडलं नाही. ते उघडलं वकिलांनी. त्याच वर्षी समितीनं पुजारी पदासाठी अर्ज मागवले, कुठल्याही जातीच्या माणसांचे, बायकांचेसुद्धा.

यात बडव्यांपैकी कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. कुणावर सूड उगवला नाही. माणूस माफ, हक्क खालसा. बडवे गेले म्हणून रांगेतला धक्का गेला, असंही कुणी समजू नये. धक्का आहेच, फक्त आता पगारी आहे. आणि पगारी माणसाची तक्रार घ्यायला निदान कचेरी असते. तिथला साहेब जेवायला गेलेला असतो ही गोष्ट वेगळी.

सगळ्याच पुजाऱ्यांना एका दावणीला बांधायचं नाही. खेड्यातल्या मारुतीचा गुरव घ्या. पहाटे उठून देऊळ झाडतो, दिवा लावतो, सुगीला चार पायल्या धान्य मिळालं तर मिळालं. त्यानं नारळाची एक कवड जास्त ठेवून घेतली तर गावानं काणाडोळा करावा, आणि करतंच. उलट गंमत अशी की गाव याच गुरवाला चारचौघांत झापतं आणि मोठ्या क्षेत्रातल्या सोवळ्यापुढं वाकून उभं राहतं. क्षमा वरच्याला आणि शिस्त खालच्याला.

क्षमेची रीत शिकायचीच तर लांब जायला नको. कुंडलला गावात कलिकुंड पार्श्वनाथ आहेत, डोंगरावर झरी आणि गिरी पार्श्वनाथ आहेत. दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व झालं की क्षमावाणी होते. त्या दिवशी माणसं एकमेकांची माफी मागतात. बाप लेकाची मागतो, सासू सुनेची, मालक गड्याची. दोघंही मागणारे, त्यामुळं देणारा वर आणि घेणारा खाली असा भाग राहत नाही. आमच्या तात्यांना विचारलं, क्षेत्राच्या गावी असा एखादा दिवस ठेवायचा का, पुजाऱ्यांनी रांगेची माफी मागायचा? तात्या म्हणाले, "खुळा हैस का?"

आणि या गावाला तर असं बोलायचा हक्कच नाही. १९४३ ते ४६ इथंच क्रांतिसिंह नाना पाटलांचं, जी. डी. बापू लाडांचं प्रतिसरकार नांदलं. लोकांना त्यातली पत्रीची शिक्षा तेवढी आठवते, कारण मारामारीच्या गोष्टी सांगायला चढाओढ लागते. त्याच सरकारनं गांधी विवाह लावले, हे मात्र हळू आवाजात सांगतात. खादीचे कपडे, सुताचे हार, हुंडा नाही, भटजी नाही, खर्च जवळजवळ नाही. त्यासाठी कुणाला शिवी दिली नाही, कुणाच्या अंगावर हात टाकला नाही, पुरोहिताला क्षमा करायचा प्रसंगच येऊ दिला नाही. त्याच्यावाचून लग्न लागतं, हे दाखवलं आणि मोकळे झाले.

त्या लग्नांतल्या जोडप्यांची नातवंडं आता बोहल्यावर चढतायत. कार्यालय, ड्रोन, डीजे, प्री-वेडिंगचं शूटिंग, आणि गुरुजी खास पुण्याहून. सामानासह त्यांचं पॅकेज असतं. मुहूर्त सव्वा तास उलटला तरी कुणी काही बोलत नाही, आणि पैसे पाकिटातून द्यायचे असतात, पावती मागायची पद्धत नाही.