बिनफायद्याच्या वेडाची स्तुती

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणं सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला. वाचणाऱ्यांमध्येही मूर्ख असतात, हे आपल्याकडे तेव्हापासून मान्य आहे. मला त्यांच्यातल्या एका नव्या जमातीची स्तुती करायची आहे: मोबाइल समोर ठेवून पुस्तकांवर बोलणारे लोक, आणि ते बोलणं रात्री जागून ऐकणारे लोक. मी दोन्ही करते आणि दोन्ही मनापासून करते.

माझं घर लखनौच्या गोमती नगरात आहे. इथे मराठी पुस्तक सहज मिळत नाही. ते पुण्याहून कुरिअरनं येतं किंवा पुष्पक एक्स्प्रेसनं येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतून. ते वाचायचं, खुणेच्या चिठ्ठ्या लावायच्या, मग खिडकीतला उजेड तोंडावर पडेल अशी खुर्ची मांडायची. कॉलर माइकला पंख्याची घरघर ऐकू जाते, म्हणून पंखा बंद. लखनौच्या मे महिन्यात पंखा बंद करून कवितासंग्रहावर बोलणं शहाण्या माणसाला पटणार नाही. बोलताना शेजारचा कुकर शिट्टी देतो, भाजीवाला हाक मारतो, वाक्य पहिल्यापासून घ्यावं लागतं. दहा-बारा मिनिटांच्या बोलण्यामागे एडिटिंगची पूर्ण संध्याकाळ जाते. थंबनेलवर पुस्तकाचं नाव वाचता येईल एवढं मोठं करायचं आणि मग वाट पाहायची.

कसली वाट, याचा हिशेब मांडून पाहावा. यूट्यूबच्या जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर 1,000 सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत लोकांनी पाहिलेले 4,000 तास लागतात; किंवा त्या तासांऐवजी शॉर्ट व्हिडिओंना 90 दिवसांत एक कोटी व्ह्यूज. बारा मिनिटांचा व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत 20,000 वेळा पाहिला गेला, तर 4,000 तास भरतात. मराठी कथासंग्रहाची आवृत्ती बहुधा हजार प्रतींची, हल्ली त्याहूनही कमी. ज्या पुस्तकाच्या हजार प्रती खपायला वर्षं लागतात, त्याच्याबद्दल बोलून कमाईची आशा धरता येत नाही. हे ज्याला कळतं तो या वाटेला जात नाही. ज्याला कळूनही जावंसं वाटतं, त्याच्या जिवावर मराठी पुस्तकांची चर्चा चालते.

पूर्वीही ती अशीच चालली. 1867 साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’नं नव्या पुस्तकांची परीक्षणं छापली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 पासून ‘निबंधमाला’ जवळजवळ एकहाती लिहिली. वसंत दावतरांनी 1962 मध्ये ‘आलोचना’ हे मासिक समीक्षेला वाहिलं. यांतल्या कोणाच्याही मागे धंद्याचं गणित नव्हतं. त्यांना छपाईचा खर्च होता, पोस्टाची तिकिटं होती, वर्गणी थकवणारे वाचक होते. आज हातातल्या फोनमुळे तो खर्च उरलेला नाही. वेळ मात्र तितकाच द्यावा लागतो.

गोमती नगराहून कैसरबागेला जाताना मला नेहमी असंच वेड घेतलेले विष्णू नारायण भातखंडे आठवतात. मुंबईचा हा वकील वकिली सोडून गावोगाव बंदिशी गोळा करत फिरला आणि 1926 मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज हे संगीताचं महाविद्यालय उभं राहिलं ते त्याच्या प्रयत्नांनी. आज ते कैसरबागेत भातखंडे यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग मराठीत लिहिले, तेही गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात. ग्रंथ लिहिताना शिष्य समोर बसला आहे, शंका विचारतो आहे, असं धरून ते शास्त्र समजावत गेले. रिकाम्या खोलीत मोबाइलकडे पाहून “तुम्हाला वाटेल की ही कादंबरी संथ आहे” असं म्हणणारी मुलगी त्यांच्याच रीतीनं बोलते. समोर नसलेल्या श्रोत्याची शंका आधीच ओळखून तिचं उत्तर देणं ही शिकवण्याची जुनी कला आहे आणि ती पुन्हा रुजते आहे, याचा मला आनंद होतो.

पाहणाऱ्यांवरही मूर्खपणाचा आरोप आहे: तेवढ्या वेळात पुस्तकच वाचून झालं असतं. झालं असतं, पण कुठलं? या शहरात हजरतगंजच्या राम अडवाणींच्या दुकानात पुस्तक विचारलं तर त्याच्याबद्दल जाणतं बोलणं ऐकायला मिळत असे. 2016 मध्ये अडवाणी गेले. असा माणूस गावातून गेला की वाचकाला कोण सांगणार? व्हिडिओत एखादी व्यक्ती पानभर मजकूर मोठ्यानं वाचते तेव्हा भाषेचा कस ऐकू येतो. टाइप बारीक आहे का, बांधणी टिकेल का, हे दिसतं. सांगताना तिचा आवाज कुठे अडखळला, हेही कळतं. वीस परीक्षणं पाहून एक पुस्तक मागवणाऱ्याला मी वाचकच म्हणते, आणि उरलेल्या एकोणीस पुस्तकांची नावं त्याच्या कानावर पडली, हा लाभ धरते.

माझी तक्रार एकच आहे. हे वेड पुरेसं निर्भय नाही. बरेच जण पार्सल फोडून दाखवतात, मुखपृष्ठाची तारीफ करतात आणि “नक्की वाचा” म्हणून थांबतात. प्रत्येक पुस्तक उत्तम ठरवणाऱ्याचं उत्तम म्हणणं कोण मोजणार? विष्णुशास्त्र्यांची सगळी मतं आज मान्य होणार नाहीत, पण न पटलेलं ते नावानिशी आणि कारणांसह लिहीत. लेखकाशी ओळख आहे, प्रकाशकानं प्रत फुकट पाठवली आहे, म्हणून मधला फसलेला भाग गाळायचा, हे मला परीक्षण वाटत नाही. प्रत भेट आली असेल तर तसं सुरुवातीलाच सांगावं आणि मग खरं बोलावं.

म्हणून वाचकांना विनंती आहे. तुमच्या कपाटात असं एक मराठी पुस्तक असेलच, ज्याच्याबद्दल कुठेही चार ओळी छापून आल्या नाहीत. ते वाचा, पंखा बंद करा आणि दहा मिनिटं बोला. लेखकाचं नाव, प्रकाशन, वर्ष आणि किंमत स्पष्ट सांगा. एक परिच्छेद सावकाश वाचून दाखवा. काय आवडलं नाही तेही सांगा.