आग्नेयेची बाल्कनी

सौंदड गावातल्या कौलारू घराला जे सहज मिळतं, ते सौंदडहून नागपूरच्या फ्लॅटात गेलेल्या लेकाला मिळेलच असं नाही. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या टीव्हीसेवेला मासिक भाडं नाही. आग्नेयेचं आकाश तेवढं मोकळं हवं. जीसॅट-15 उपग्रह विषुववृत्तावर, 93.5 अंश पूर्वेला, सुमारे 36,000 किलोमीटर उंच बसलाय. छत्री जवळपास 60 अंश वर रोखावी लागते. गावात अंगणात पाइप रोवला की झालं. फ्लॅटात मात्र वरच्या मजल्याची बाल्कनीच आडवी येते, म्हणून छत्री कठड्याबाहेर लोंबकळवायची. तशात वास्तुशास्त्राने आग्नेय कोपरा आधीच स्वयंपाकघराला देऊन टाकलेला. उपग्रह सोडणाऱ्यांनी कुणा वास्तुतज्ज्ञाला विचारलं नसावं!

पुढे सोसायटीची नोटीस येते: छत्रीमुळे इमारतीचं सौंदर्य बिघडतं. नोटीस ज्या भिंतीवर डकवलीय, तिच्यावर एसीची खोकी ओळीने पाणी गाळत असतात. त्यांना सौंदर्याची सूट असावी.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत ढग दाटले की उपग्रहाकडून येणाऱ्या केयू बँडच्या लहरी पावसातच जिरतात. हवामानाच्या बातम्या देणारी बाई ‘मुसळधार’ म्हणेपर्यंत पडदा काळा. तेव्हा सौंदडहून फोन येतो, ‘तुमच्याकडे तरी दिसते का गा?’