मोटार टू-जी, मालक फाइव्ह-जी

फैजपुरात नवा फोन घेणं पूर्वी सोपं होतं. दुकानात जायचं, जावयाकडे आहे तोच मागायचा आणि घासाघीस करून कव्हर फुकट मिळवायचं. आता कंपन्या हवेतलं तंत्र बदलतात आणि त्यापायी घरात बैठका बसतात. आमच्या शेजारच्या आबांकडे अशीच बैठक बसली. हजर होते आबा, त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला नातू, सूनबाई आणि कुणी बोलावलं नसताना मी. गैरहजर होती विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटार, आणि सगळ्यात जास्त वजन होतं ते तिच्याच मताला.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे शेतीची लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला लाईट आली म्हणून अंधारात, सापाकिरडातून केळीच्या बागेत जायची कुणाला हौस नसते. म्हणून स्टार्टरशेजारी मोबाईल स्टार्टरची पेटी बसवतात. तिच्यात सिम असतं. घरी गादीवर पडल्या पडल्या फोन लावला की मोटार चालू. लाईट आली, गेली, एखादा फेज उडाला, तर पेटी उलट फोन करून कळवते. आबांना पुण्यातला मुलगासुद्धा इतक्या नेमानं फोन करत नाही. पण यातल्या कित्येक पेट्यांचं शिक्षण टू-जीपर्यंतच झालेलं आहे. फोर-जीच्या पेट्याही बाजारात आल्यात, पण चालती पेटी काढून नवी बसवणारा शेतकरी मला अजून भेटायचाय.

जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला आलं तेच फोर-जी घेऊन. त्याच्याकडे टू-जी नाही, थ्री-जीही नाही. साहजिकच जुन्या पेटीत जिओचं सिम घातलं तर मोटार ढिम्म हलत नाही. नातू म्हणाला, "आबा, आता सगळ्या घराला जिओच करून टाकू." आबा म्हणाले, "कर. मंग रातच्याले मोटार चालू करायले तू जाशीन का भो?" नातवानं तो प्रस्ताव त्याच बैठकीत मागे घेतला.

फसायचा अनुभव आमच्याकडे जुना आहे. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सनं ५०१ रुपयांत फोन हातात द्यायला सुरुवात केली. ते सीडीएमएचं तंत्र होतं. काढून दुसऱ्या कंपनीचं सिम घालावं अशी त्यात सोयच नव्हती. पुढे सीडीएमए गेलं, २०१७ संपता संपता त्या कंपनीनं मोबाईलवरची बोलण्याची सेवाही आवरली. ते फोन बऱ्याच घरांत नातवंडांना खेळायला दिले गेले. पोरं त्यावर अजूनही बोलतात, फक्त पलीकडून उत्तर येत नाही.

थ्री-जीची गोष्ट आणखी विचित्र. एअरटेलनं २०१९ मध्ये कोलकात्यापासून थ्री-जी बंद करायला घेतलं आणि २०२० च्या मार्चपर्यंत देशभरातून उचललं. टू-जी मात्र ठेवलं. थोरला ठणठणीत असताना मधल्याचं तेरावं उरकलं. कारण उघड आहे. बटणांचे फोन अजून कोट्यवधी हातांत आहेत, कार्डाची जुनी मशीनं आहेत, आणि आमच्या मोटारी आहेत. अमेरिकेत असलं लाडाकोडाचं काम नसतं. एटी अँड टी या कंपनीनं २०१६ संपताच टू-जी बंद केलं, फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्री-जीही, आणि आपल्याकडे कुठले फोन चालतील त्याची यादीच काढली. यादीत नसलेला फोन कितीही महागाचा असो, त्यावर फोन येणार नाही. खानदेशातून तिकडे गेलेल्या पोरांनी जळगावात घेतलेले दणकट फोन त्या वेळी ड्रॉवरमध्ये गेले असतील. तिकडे मिस कॉलवर चालणाऱ्या विहिरी नसाव्यात, नाहीतर कंपनीनं एवढं धाडस केलं नसतं.

बैठक उठली आणि मंडळी सावदा रस्त्यावरच्या दुकानात गेली. आमच्या गावात कुठलंही भाषण १९३६ पासून सुरू होतं. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन फैजपूरचं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, अधिवेशनासाठी उभारलेल्या टिळकनगराची सजावट नंदलाल बोसांची. दुकानदारानंही तिथूनच सुरुवात केली. "आबा, ज्या गावानं देशाले पहिलं खेड्यातलं अधिवेशन दिलं, त्या गावात फोर-जी शोभतं का? हा फाइव्ह-जी घ्या. पाच वर्षं बघायचं काम नही."

"मांगच्या वेळेले बी तू हेच म्हन्ला होता."

"ती पाच वर्षं वेगळी होती, आबा."

वेगळी होती हे खरंच. भारतातला पहिला फाइव्ह-जी फोन म्हणून रिअलमीचा एक फोन २४ फेब्रुवारी २०२० ला बाजारात आला. देशात फाइव्ह-जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. म्हणजे अडीच वर्षं लोकांनी जे हवेत नव्हतंच ते खिशात घालून मिरवलं. जे आलं त्यातही दोन पंथ. जिओचं फाइव्ह-जी स्वतंत्र चुलीचं. एअरटेलनं सुरुवात केली ती फोर-जीच्या आधारावरच्या फाइव्ह-जीनं. दोन्ही पंथ मानणारा फोन हवा, आणि सुरुवातीच्या कित्येक फोनांना जिओचा पंथ सॉफ्टवेअर अपडेट आल्यावरच कळला. अॅपलच्या फोनांनाही भारतातलं फाइव्ह-जी २०२२ च्या डिसेंबरात अपडेट आल्यावर दिसलं. तोवर लाखभर रुपयांचा फोन आमच्या दहा हजारांच्या फोनाइतकाच फोर-जी होता. समानता म्हणतात ती अशी अधूनमधून येते.

नातवानं मध्येच बँड, म्हणजे फोन लहरींच्या कुठल्या पट्ट्यांवर चालतो ते विचारलं. दुकानदारानं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू पोरानं केळीवाल्याला घड रोपाच्या कुठल्या जातीचा ते विचारलं. पण प्रश्न चोख होता. फाइव्ह-जीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झचा, त्याचं नाव एन-७८. वेग भरपूर, पण पोच कमी. लांब जाणारा पट्टा ७०० मेगाहर्ट्झचा, एन-२८. २०२२ च्या लिलावात तो एकट्या जिओनं घेतला. लहरींचा आकडा जितका मोठा तितकी झाडाची पानं त्यांना जास्त अडवतात, आणि ओली पानं तर फारच. आता केळीचं पान केवढं असतं आणि ठिबकवर वाढलेली बाग किती दाट असते, हे यावल-रावेरच्या माणसाला सांगायला नको. जाहिरातीतली पोरगी डोंगरमाथ्यावर उभी राहून व्हिडिओ कॉल करते. तिला एकदा सप्टेंबरात आमच्या बागेच्या मधोमध उभी करा.

आणि बागेत उभं राहावंच लागतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं आपल्या वावरात जायचं, पिकाचा फोटो काढायचा आणि स्वतःच सातबारावर नोंद करायची. सरकारनं तलाठ्याचं काम फोनवर टाकलं, फोननं ते रेंजवर टाकलं. पुढे रेंजनं कुणावर टाकायचं हे ठरायचं बाकी आहे.

गावात असताना फोनच्या कोपऱ्यात फाइव्ह-जी लिहून येतं, त्यावरही फार जीव टाकू नये. आधारावरच्या फाइव्ह-जीत फोर-जीचाच टॉवर "माझ्याकडे फाइव्ह-जी आहे" एवढं सांगतो आणि फोन लगेच पाटी लावतो. माल फोर-जीचाच येत असतो. आपल्याकडे रस्त्यालाही उद्घाटनाची पाटी रस्त्याआधी लागते, तेव्हा याला दोष कसा द्यावा?

सूनबाईंचं मत बीएसएनएलचं होतं. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, लाखो लोक सरकारी कंपनीकडे गेले, त्यांतल्या त्या एक. तिथं स्वस्ताई होती, फोर-जी वाटेवर होतं. ते सी-डॉट, तेजस आणि टीसीएस यांनी मिळून देशातच घडवलं आणि २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुड्याहून पंतप्रधानांनी ९७,५०० हून अधिक टॉवरांसह देशाला अर्पण केलं. बाकीचे सहावीची पुस्तकं चाळत असताना चौथी पास झाल्याचा हा पहिला राष्ट्रीय सोहळा. पण थट्टा पुरे. यंत्रणा स्वतः बनवणारे देश बोटांवर मोजण्याइतके आहेत, हे मान्य करावं लागेल. अडचण सूनबाईंच्या फोनची आहे. लांब पोचणारा ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ जुन्या बऱ्याच फोनांत नाहीच. टॉवर स्वदेशी झाला आणि फोन परका ठरला.

दुकानदारानं मग आबांचा जुना फोन उलटसुलट पाहिला आणि एक्स्चेंजचा भाव सांगितला. आबा व्हॉट्सअॅपवर रोज केळीचे नवती, पिलबाग आणि वापसी असे उतरते तीन भाव बघतात. ते थंडपणे म्हणाले, "घेतानी नवती, देतानी वापसी. मधला पिलबागचा भाव तुह्या दुकानात नही का?"

आता खर्चाचं. अमर्याद फाइव्ह-जी मिळतं ते दरवाढीनंतर मुख्यतः रोज दोन जीबीच्या आणि त्यावरच्या पॅकवर. म्हणजे फोन महाग घ्यायचा आणि तो महाग वापरायचाही. पण खरा गोंधळ मोटारीच्या सिमचा आहे. ते चालू ठेवायला कित्येक वर्षं रोजच्या डेटाचेच पॅक गळ्यात मारले गेले. मोटारीला रोज दीड जीबी कशाला? ती रील बघत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त बोलणं आणि एसएमएस एवढेच असलेले पॅक द्यायला लावले आणि मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल असं केलं. ट्रायच्या डोळ्यांपुढे गरीब ग्राहक असेल. फैजपुरात त्याचा पहिला हक्क पाण्याच्या मोटारींनी सांगितला.

शेवटी नातवाला फाइव्ह-जी मिळाला, कारण तो दिवसभर गावातच असतो आणि रडतोही तोच. सूनबाईंना बँड २८ असलेला साधा फोर-जी. आबांनी काही घेतलं नाही. मोटारीला डेटा नसलेला वर्षाचा रिचार्ज मारला आणि घरी आले.

तुम्ही जाणार असाल तर जाहिरात घरी ठेवून जा. तुमच्या वावरात ज्याचा फोन लागतो त्या शेजाऱ्याला कंपनी विचारा, तुमच्या कंपनीचे बँड कागदावर लिहून न्या, ते दुकानदाराला खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर दाखवायला लावा. त्यानं "सगळं चालतं" म्हटलं तर तेच शब्द पक्क्या बिलावर लिहून मागा. लिहून देणारा दुकानदार भेटला तर फोन त्याच्याकडूनच घ्या.